दोन मुले, एकच टॅबलेट

ताई, गुहागरच्या शाळेत स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांचा आपसांतील संवाद वाढावा म्हणून टॅबलेट वापरून पाहण्याचा आपला विचार योग्य आहे. मात्र प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र टॅबलेट देऊ नये, कारण मग मुले शेजारी बसूनही एकेकटीच खेळतात. दोघांत एकच पडदा ठेवावा आणि काम असे निवडावे की ते एकट्याने पुढे सरकणारच नाही. इस्रायलमधील संशोधकांनी स्वमग्न मुलांसोबत वापरलेल्या ‘स्टोरीटेबल’मध्ये, म्हणजे मिळून गोष्ट रचण्याच्या स्पर्शपडद्याच्या टेबलावर, काही कृती दोघांनी एकाच वेळी स्पर्श केल्याखेरीज होतच नसत. आपल्याकडे हे साध्या चित्रगोष्टीतूनही साधते: हर्णै बंदरातील होडी, मासळीची टोपली, लिलाव अशी चित्रे घ्यावीत, एकाने चित्र निवडावे, दुसऱ्याने त्यावर आवाज मुद्रित करावा, आणि पुढचे पान दोघांचा होकार मिळाल्यावरच उलटावे. नंतर कामांची अदलाबदल करावी.

सुरुवातीच्या चुका बहुधा अशा होतात:

- मूल अडखळताच आपण मध्ये बोलतो. ही सवय सर्वांत महागात पडते, कारण मग मुले एकमेकांऐवजी आपल्याकडेच पाहू लागतात.
- डोळ्यांत पाहण्याचा आग्रह धरतो. सोबत्याकडे टोपलीचे चित्र सरकवणे हाही संवादच आहे.
- खेळ अचानक थांबवतो. किती पाने उरली, हे आधीच दिसू द्यावे.

पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो, म्हणून तीच चित्रे छापून जवळ ठेवावीत. पडद्यावर जमलेली देवाणघेवाण कागदावर उतरते का, हेही त्यातून कळेल. ॲपची तुलना आणि नोंदींचे तक्ते तूर्त बाजूला ठेवावेत.