पावसाळ्यात गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या तळाला राहणारे जीव मरतात का?

सगळे नाही, पण बरेच कमी होतात हे खरंय. लोकांना वाटतं चिखल-गाळामुळे मरतात, पण माझ्या मते मुख्य भानगड खारेपणाची आहे. एप्रिल-मेमध्ये मुखाजवळ पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं, लिटरमागे ३०-३५ ग्रॅम मीठ, आणि जूनमध्ये घाटातून पाणी सुटलं की आतल्या पट्ट्यात ते पार गोडं होतं. ज्यांना जगायला खारं पाणीच लागतं त्यांचं काय होणार!

मजा म्हणजे मुखाजवळ गोडं पाणी हलकं म्हणून वरून वाहतं आणि भरतीचं खारं पाणी खालून आत शिरतं, त्यामुळे तळाच्या जीवांना तिथे थोडा आसरा मिळतो. तिसऱ्या शिंपले घट्ट मिटून काही दिवस काढतात, गाळातल्या किड्यांपैकी काही (पॉलिकीट म्हणतात त्यांना, गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद) खोल जातात कारण गाळाच्या फटींतलं पाणी लगेच गोडं होत नाही. ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते मरतात किंवा वाहून जातात, त्यात गाळ इतका येतो की बारीक पिल्लं गाडलीच जातात.

ऑक्टोबरनंतर खारेपणा परत चढला की भरतीबरोबर या जीवांच्या अळ्या (पाण्यात तरंगणारी बारीक पिल्लं) येतात आणि तळ पुन्हा भरायला लागतो, आधी भराभर वाढणारे छोटे किडे, शिंपल्यांना वाढायला जास्त वेळ लागतो. म्हणून सर्व्हे करायचा असेल तर फक्त मे महिन्यातला नमुना घेऊन निष्कर्ष काढू नका, वर्षभराचे घ्या.