गोष्टीत बनवलेले शब्द कसे घालायचे
अगं, एका गोष्टीत एकच, फार तर दोन नवे शब्द घाल, जास्त झाले की पोरं वैतागतात. मी पंचवटीत माकडाची गोष्ट सांगताना म्हणायचे, 'माकड रामकुंडाच्या पायऱ्यांवरून झुपळत आलं', आणि आवाज बारीक करून दोन बोटं चालवून दाखवायचे. अर्थ लगेच सांगू नको हं, आधी त्यांनाच विचार काय केलं असेल माकडाने, मग दबकत, चोरपावलांनी, हळूच असे खरे शब्द आपोआप बाहेर येतात आणि खरी कमाई तीच. दुसऱ्या दिवशी एक चिमुरडी म्हणाली, 'मी पण झुपळले!' भूतकाळ कोणी शिकवला तिला? भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ मध्ये 'वग' (wug) या बनवलेल्या इंग्रजी वळणाच्या शब्दाचं अनेकवचन मुलांकडून करून घेऊन, नव्या शब्दालाही व्याकरणाचा नियम लावायची हीच जाण तपासली होती. शब्द मात्र मराठी वळणाचाच घे, जिभेवर अडखळला तर मुलं तो वापरतच नाहीत.