चांद्र रोव्हरचं मॉडेल मैदानात पळतं, वाळूत रुततं. मोटर मोठी टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, १२ किलोचा सहाचाकी रोव्हर केलाय. १८ सेंमी व्यासाची रबरी चाकं, १०० आरपीएमच्या (मिनिटाला १०० फेऱ्या) मोटर. कॉलेजच्या मैदानावर झकास पळतो, पण पंचगंगेच्या वाळूच्या ढिगावर चढवला की चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात.

मोठी मोटर टाकू नका. खड्डा आणखी लवकर होईल, एवढंच. हिशेब करून बघा. १२ किलोचं वजन म्हणजे ११८ न्यूटन. २० अंशांच्या चढावर त्यातलं ४० न्यूटन मागे ओढतं, मऊ मातीत चाक दबल्याचा विरोध साधारण २२ धरा. एकूण ६२, म्हणजे दर चाकाला सुमारे १०.३ न्यूटन. ९ सेंमी त्रिज्येला टॉर्क (फिरवण्याचा जोर) झाला जेमतेम १ न्यूटन-मीटर. दगडावर चढताना एकाच चाकावर भार येतो म्हणून अडीचपट घ्या: बाजारातल्या भाषेत २५ किलो-सेंमी. ५ आरपीएमची गिअर मोटर हे आरामात देते. तुमची १०० आरपीएमची मोटर चाकाला सेकंदाला ९४ सेंमी पळवते. चंद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर सेकंदाला १ सेंमी चालायचा. तुम्ही ३ ते ५ सेंमीच्या वर जाऊ नका.

आता खरा मुद्दा. आधी माती बदला. नदीची वाळू चिमूटभर घेऊन भिंगाखाली धरा: वाहून वाहून गोल झालेले कण दिसतील, मोहरीसारखे. चंद्रावर ना वाहतं पाणी ना वारा, त्यामुळे उल्कांच्या माऱ्यानं फुटलेले कण तसेच टोकदार राहिलेत, फुटक्या काचेसारखे, आणि वजनानं निम्मी माती ७० मायक्रॉनच्या (०.०७ मिमी) आसपास किंवा त्याहून बारीक. म्हणजे नदीची वाळू ही वेगळीच परीक्षा आहे. फाउंड्रीतली (ओतकामाच्या कारखान्यातली) सिलिका वाळूही बऱ्यापैकी गोल असते, शिवाय मोल्डिंग सँडमध्ये (साच्याच्या वाळूत) बेंटोनाइट ही चिकट माती आणि ओल असते. शिरोलीच्या कारखान्यांत फुकट मिळाली तरी नको.

कोल्हापूरकरांचं नशीब असं की आपल्या खडी क्रशरवर फुटतो तो बेसाल्टच. चंद्राचे काळे डाग, ते सपाट प्रदेश, बेसाल्टचेच आहेत. (प्रज्ञान उतरला तो भाग वेगळा, अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट खडकाचा; इस्रोनं चाचणीची माती तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीच्या खडकापासून केली.) क्रशर डस्ट, म्हणजे खडी फोडताना पडणारी भुकटी, ताजी फुटलेली, टोकदार. ३ मीटर × दीड मीटर × २५ सेंमीचा हौद भरायला अर्धा ब्रास (५० घनफूट) पुरते. वजन पावणेदोन टनांच्या घरात जातं, तेव्हा हौद जमिनीवरच करा. डस्ट १ मिमीच्या चाळणीतून काढा आणि वरच्या १५ सेंमीत निदान एक तृतीयांश भाग ७५ मायक्रॉनखालचा मिसळा. ती चाळण फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये असते. एन-९५ मास्क लावल्याशिवाय चाळायला बसू नका, ही धूळ फुप्फुसात राहते.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक, ओल. जूनपासून आपल्याकडची हवाच ओली असते, आणि ओलसर डस्ट मुठीत दाबली की लाडू वळतो. अशा मातीवर कुठलंही चाक चढतं. पत्र्यावर पसरून, तापवून कोरडी करा. मुठीतून पाण्यासारखी गळली पाहिजे. दुसरं, प्रत्येक फेरीआधी माती १५ सेंमीपर्यंत फावड्यानं उकरून, पट्टीनं वरवर सारखी करा. चाकोरीत दुसऱ्यांदा चालवलेला रोव्हर नेहमी चांगलाच चालतो.

मग चाक. रबर सोडून द्या, चंद्राच्या थंडीत ते काचेसारखं तडकतं. सोव्हिएत रोव्हर ल्युनोखोद आणि अपोलोच्या गाडीची चाकं तारेच्या जाळीची होती. तुम्हाला १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा गोल वाकवून जमेल, रुंदी ८ ते १० सेंमी. उद्यमनगरात रोलिंग करून देणारे पुष्कळ आहेत. वर १० ते १२ मिमी उंचीच्या २० ते २४ पट्ट्या आडव्या रिव्हेट करा. पट्ट्या विरळ असल्या तर दोन पट्ट्यांमध्ये गुळगुळीत पत्रा माती पुढे ढकलतो आणि स्वतःच समोर बांध घालतो. रुंदी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवणं जास्त लाभतं, कारण रुंद चाक तेवढीच रुंद माती ढकलतं.

घसरण मोजायची सवय लावा. १८ सेंमीच्या चाकाचा परीघ ५६.५ सेंमी, ३ फेऱ्यांत १७० सेंमी जायला हवं. १३६ गेला तर घसरण २० टक्के, चालेल. ६० टक्क्यांवर गेली की मोटर आपोआप बंद व्हावी असा कोड लिहा, आणि आल्या चाकोरीनं मागे या. चाकामागे ढीग साचायला लागला की समजा, रुतणं सुरू झालंय. २७ ऑगस्ट २०२३ ला प्रज्ञानला ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तेव्हा त्यालाही आल्या वाटेनंच माघारी वळवलं होतं.

सहा चाकांची जोडणी रॉकर-बोगीची असते: दर बाजूला एक लांब दांडा (रॉकर), त्याच्या एका टोकाला एकटं चाक, दुसऱ्या टोकाला दोन चाकांचा छोटा दांडा (बोगी). त्यात गुरुत्वमध्य मुख्य पिव्हटच्या, म्हणजे रॉकर चेसिसला जिथे जोडतो त्या सांध्याच्या, रेषेत ठेवा. पिव्हटपासून बोगीच्या सांध्याचं अंतर हे एकट्या चाकाच्या अंतराच्या निम्मं असावं, तरच सहाही चाकांवर सारखा भार येतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक चाक ठेवून तपासा, बाकीच्या पाच चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या. बोगीचा सांधा आसाच्या फार वर नेऊ नका. ओढ लागली की बोगी कलते आणि पुढचं चाक उचलतं.

एक सल्ला तुम्हाला बरेच जण देतील: चंद्रावर वजन सहावा हिस्सा, म्हणून रोव्हर २ किलोचा करून तपासा. माझ्या मते यावर विसंबू नका. इथे रोव्हर हलका होतो, पण मातीचे कण पृथ्वीच्याच वजनानं एकमेकांवर दाबलेले असतात, म्हणून माती घट्ट राहते. तिथे तीही सैल. निकाल फसवा चांगला येतो. पूर्ण वजनावरच चढ पार करा.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल इतकंच: पंखा काढा, तिथे हवा नाही. मोटर ड्रायव्हरची (मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटची) उष्णता पत्र्यावाटे चेसिसमध्ये उतरवा.

शेवटची चाचणी धुळीची. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर फेल्ट (नमद्याचा) वॉशर आणि पीटीएफईची (टेफ्लॉनची) सील बसवा. चाकाशिवाय मोटरचा करंट आधी लिहून ठेवा, मग मोटर बारीक डस्टच्या डब्यात ५ तास फिरवून पुन्हा मोजा. एक तृतीयांशानं वाढला असेल तर गिअरबॉक्स खोला आणि ग्रीस बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर सील बदलून पुन्हा ५ तास.