एकापेक्षा जास्त खेळांत मोठी झालेली कुणी महिला खेळाडू आहे का?

आहे. तुमची आठवीतली मुलगी खो-खो खेळते, भालाही फेकते आणि घरचे म्हणतात एकच काहीतरी धर. परभणी जिल्ह्यात वीसेक वर्षं पीटी शिकवतोय, हे वाक्य दर पालकसभेत ऐकतो. तुम्ही बेब डिड्रिक्सनबद्दल वाचाच.

टेक्सासमध्ये वाढलेली, नॉर्वेहून आलेल्या सुताराची पोर. एका विमा कंपनीनं नोकरी दिली ती मुळात आपल्या बास्केटबॉल संघासाठी. १९३२ च्या अमेरिकन राष्ट्रीय मैदानी स्पर्धेत याच कंपनीनं संघ म्हणून तिला एकटीलाच पाठवलं. एका दुपारी आठ प्रकारांत उतरली. पाच जिंकले, उंच उडीत बरोबरी. तिचे गुण ३०. दुसऱ्या आलेल्या संघात बावीस जणी होत्या आणि सगळ्यांचे मिळून गुण २२! वर्गात हे सांगितलं की पोरी दोनदा विचारतात, "एकटीच, सर?"

त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिक. तिथं एका बाईला तीनच प्रकारांत उतरायची मुभा होती. भालाफेकीत ४३.६८ मीटर, सुवर्ण. ८० मीटर अडथळ्यांत सुवर्ण. उंच उडीत दोघींची उंची सारखीच, पण बेबचं डोकं अंगाच्या आधी आडव्या काठीपलीकडं जातं म्हणून पंचांनी तिला रौप्य दिलं. आपल्याकडं खो-खोत ज्या सुरावर टाळ्या पडतात, त्याच सुरापायी तिचं सुवर्ण गेलं. मला ते आजही लागतं.

पुढं गोल्फ. महिलांच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या १९५० मधल्या १३ संस्थापकांपैकी ती एक. १९५३ मध्ये आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर पिशवी आली. पुढच्याच वर्षी तिनं अमेरिकन महिला ओपन १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली. आजार लपवला नाही, उघड बोलली. १९५६ मध्ये गेली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

मी एकदा चुकलो होतो. खो-खोतल्या एका चपळ पोरीला लांब उडीला लावलं आणि खो-खो सोडायला सांगितलं. दोन महिन्यांत तिनं मैदानावर यायचंच बंद केलं.

तुमच्या मुलीचं दोन्ही चालू ठेवा. फक्त मोठ्या बायकांचा ६०० ग्रॅमचा भाला तिच्या हाती देऊ नका, सरांकडून हलका मागून घ्या. आणि खो-खो खेळून खांदा दमलेला असेल त्या दिवशी भाला नको.