चार्जिंग मॉड्यूल एवढं का तापतं?

प्रश्न : सर, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल (लिथियम-आयनचे लांबट गोल सेल) काढून टॉर्च बनवतोय. चार्जिंगसाठी टीपी४०५६ या चार्जर आयसीचं छोटं मॉड्यूल आणलंय, पण त्याचा आयसी इतका तापतो की बोट ठेववत नाही. खराब लागलाय का? शिवाय टॉर्च चालू ठेवून चार्जिंगला लावली तर चार्जिंग चालू असल्याचं दाखवणारा लाल एलईडी विझतच नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आयसी खराब नाहीये, तो असाच तापतो. हा लिनिअर चार्जर आहे, म्हणजे चार्जरचे ५ व्होल्ट आणि सेलचे समजा ३.५, मधला दीड व्होल्टचा फरक तो सरळ उष्णतेत घालवतो. करंट १ अँपिअर असेल तर दीड वॅट उष्णता झाली, आणि तीही नखाएवढ्या चिपमध्ये! सेल भरत जाईल तसा फरक कमी होतो आणि मग चिपही गार होत जाते, फारच तापली तर ती स्वतःच करंट कमी करते. तरी मी म्हणेन करंट कमीच करा, जुन्या सेलला १ अँपिअर हवाय कशाला. मॉड्यूलवर करंट ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो काढून २.४ चा लावा, करंट निम्मा होईल. हिशोब सोपा आहे, १२०० ला ओहमने भागायचं की अँपिअर मिळतात.

आता एलईडीचं. सेल ४.२ व्होल्टला पोचला की आयसी व्होल्टेज तेवढंच धरून ठेवतो, करंट हळूहळू उतरतो, आणि ठरवलेल्या करंटच्या एक दशांशावर आला की सेल भरला असं समजून चार्जिंग बंद करतो. पण तुमची टॉर्च त्याच वेळी ३०० मिलीअँपिअर ओढत असेल तर करंट तिथवर उतरणारच कसा, त्याला वाटतं सेल अजून पितोय. मग सेल तासन्‌तास ४.२ वरच अडकून राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं. म्हणून चार्जिंगच्या वेळी टॉर्च बंद होईल असा स्विच टाका, एवढं पुरे.

तुम्ही विचारलं नाहीत पण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, की टीपी४०५६ फक्त भरतो, सेल पार रिकामा होण्यापासून वाचवणं त्याचं काम नाही. ते काम डीडब्ल्यू०१ नावाचा वेगळा आयसी करतो, सोबत एक मॉस्फेटची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचची चिप असते. मॉड्यूलवर सेल जोडायच्या बी प्लस, बी मायनसशिवाय आउट प्लस, आउट मायनस असे वेगळे पॉइंट असतील तर बहुतेक वेळा ते सर्किट असतं, आणि टॉर्च आउटलाच जोडायची, थेट सेलला नाही. नुसते बी वाले दोनच पॉइंट असतील तर ते मॉड्यूल टॉर्चसाठी घेऊच नका.

आणि सेल जोडण्याआधी प्रत्येकाचं व्होल्टेज मीटरवर बघा. २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल कितीही चांगला दिसला तरी वापरायचा नाही, त्याच्या आतलं तांबं विरघळून नंतर शॉर्ट होऊ शकतं. असे सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नको.