बॅटरसीची डबी खरंच बॅटरसीची असते का?

प्रश्न: ताई, आम्ही इंग्लंडात बर्मिंगहॅमला असतो. गेल्या महिन्यात एका अँटिक फेअरमध्ये मिनाकामाची पिटुकली डबी घेतली, झाकणावर गुलाबी फुलं आणि 'अ ट्रायफल फ्रॉम बाथ' (बाथहून आणलेली छोटीशी भेट) असं लिहिलंय, आत बारीकसा आरसा. विकणारा म्हणाला बॅटरसीची आहे, अठराव्या शतकातली. खरं असेल? साफ कशी करू? आणि कुंकू ठेवलं तर चालेल का, सासूबाईंना द्यायचीये.

उत्तर: अगं, जुनी असेलही, पण बॅटरसीची नसणार. लंडनमधला तो बॅटरसीचा कारखाना १७५३ ते १७५६ एवढाच चालला, मालक स्टीफन जॅन्सन लंडनचा लॉर्ड मेयर होऊनसुद्धा दिवाळं निघालं त्याचं, आता तीन वर्षांत अशा किती डब्या झाल्या असतील तूच सांग, पण विकणाऱ्यांना प्रत्येक डबी बॅटरसीचीच वाटते! असल्या मजकुराच्या डब्या बहुतेक बिल्स्टन, वेन्सबरीकडच्या, म्हणजे तुझ्या घरापासून अर्ध्या तासावरच्या. बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, लोक तिथून आठवण म्हणून घेऊन यायचे, आपण पंढरपूरहून बुक्का आणतो तसं.

आता वय. पॅरिसच्या सॅमसन नावाच्या कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात हुबेहूब नकला काढल्यात, आणि १९७० पासून हॅल्सियन डेज या कंपनीने बिल्स्टनमध्ये हे काम परत सुरू केलं. जुन्या डब्यांवर सहसा बनवणाऱ्याचं नाव नसतं, त्यामुळे खाली किंवा आत छापील नाव दिसलं तर ती नवी समज. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून हे करतात, त्यामुळे अडीचशे वर्षांत केसासारख्या चिरा आणि कडेला टवके येणारच, डबी अगदी कोरी करकरीत असेल तर मीच आधी संशय घेते. टवक्यावर नंतर रंग भरलाय का ते अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली बघ, तो भाग वेगळाच चमकतो. आणि वुल्व्हरहॅम्प्टन आर्ट गॅलरीत अस्सल बिल्स्टन डब्या आहेत, एकदा जाऊन नीट बघून ये, माझं ऐकण्यापेक्षा डोळे तयार झालेले बरे.

साफ करताना पाण्यात बुडवू नकोस!! मी माझी पहिली डबी गरम साबणाच्या पाण्यात टाकली होती, तांबं आणि काच सारखी फुगत नाहीत ना, कोपऱ्याची कपची टचकन उडाली, दोन दिवस जेवण गेलं नाही. मऊ ब्रशने धूळ झटक, फार तर किंचित ओलसर कापड, लगेच कोरडं पुसायचं, बिजागरीला तर हातच नको.

कुंकू मात्र नको, चिरांमध्ये गेलं की निघत नाही. टिकल्या ठेव की! तो आरसा आणि डबी मुळात त्यासाठीच, तेव्हाच्या गोऱ्या बायका गालावर काळ्या टिकल्या चिकटवायच्या आणि त्या असल्याच डबीत ठेवायच्या, सासूबाईंना हे सांगितलंस तर जास्त आवडेल बघ.