कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे साधं डिजिटल घड्याळ रोज वापरलं तर किती वर्षं टिकतं?

दहा वर्षं आरामात. आधी जातो तो पट्टा, घड्याळ चालूच राहतं. घाम आणि उन्हानं पट्ट्याचं रेझिन (एक प्रकारचं प्लॅस्टिक) कडक होतं आणि पट्टा भोकांपाशी चिरतो. नवा पट्टा घाला, पुढे वापरा.

१९८९ साली आलेलं हे मॉडेल आजही जवळपास तसंच मिळतं. वजन २१ ग्रॅम, झोपतानाही काढावंसं वाटत नाही. सेल (सीआर२०१६) कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सात वर्षं चालतो. तो बदलताना मागचे चार बारीक स्क्रू काढावे लागतात. आतली रबरी रिंग नीट बसली आहे ना, हे दुकानदारासमोरच बघून घ्या. ती सरकली की पहिल्याच पावसात आत वाफ धरते.

हात धुणं, भांडी घासणं, पाऊस यानं काही होत नाही. पोहायला मात्र घालू नका आणि ओल्या हातानं बटणं दाबू नका. काच प्लॅस्टिकची, त्यामुळे ओरखडे पडतात. मऊ फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन हलकेच घासलं की बरेचसे जातात.

वेळ महिन्याला ३० सेकंदांपर्यंत पुढे-मागे होऊ शकते. आणि याचा फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा, त्यामुळे लीप वर्षी तारीख हातानं लावा.